काळ्या मोटारीचा दरारा

स्टॉक कार शर्यतीत पुढच्या गाडीला बंपरने ढोसून वाट काढणे हा डाव की दांडगाई, हा वाद डेल अर्नहार्ट यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. उत्तर कॅरोलायनातील कॅनापोलिस या गिरणगावात १९५१ मध्ये जन्मलेल्या या शर्यतपटूच्या मुलाने नववीतच शाळा सोडली आणि १९८० ते १९९४ या काळात नास्कारची सात अजिंक्यपदे पटकावली.

१९९९ मध्ये ब्रिस्टल येथे अखेरच्या फेरीत त्यांच्या धक्क्याने टेरी लाबॉन्टी यांची गाडी गरगरली. अर्नहार्ट जिंकले, पण प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. हेतू केवळ हादरवण्याचा होता, हा त्यांचा खुलासा फारसा कोणाला पटला नसावा. विजय मात्र कायम राहिला. आणि याच माणसाने आदल्या वर्षी, विसाव्या प्रयत्नात, डेटोना ५०० जिंकली तेव्हा प्रतिस्पर्धी संघांचे कर्मचारी हस्तांदोलनासाठी रांगेत उभे राहिले होते!

१८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत त्यांच्याच संघाचे मायकेल वॉल्ट्रिप आणि मुलगा डेल धाकटे पुढे होते. तिसऱ्या स्थानावरून अर्नहार्ट मागच्यांना अडवत राहिले. त्यांची गाडी भिंतीवर आदळली. वॉल्ट्रिप जिंकले, अर्नहार्ट वाचले नाहीत. डोके व मान सावरणारे जे साधन त्यांनी त्या दिवशी घातले नव्हते, ते नास्कारने त्याच वर्षी सक्तीचे केले.