माई आधी शिकल्या, मग शिकवू लागल्या



नाशिकची आपली बहुतेक मुलं पुण्याच्या विद्यापीठाची पदवी घेतात. २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. विहारात आपण दर ३ जानेवारीला माईंच्या फोटोला हार घालतो. अंगावर पडलेलं शेण आणि पिशवीतलं जादा लुगडं ही हकिकत तर लहान पोरांनाही पाठ आहे. पण त्या आधीचा एक भाग आपण घाईने ओलांडतो, म्हणून तो इथे थोडा सविस्तर मांडतो.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली जोतिरावांशी लग्न झालं तेव्हा वय अवघं नऊ, आणि अक्षर ओळख नाही. जोतिरावांनी त्यांना घरीच शिकवलं. पुढे नगरला फरारबाईंच्या आणि पुण्याला मिचेलबाईंच्या संस्थेत त्यांनी अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं. वाचता आलं म्हणजे शिकवता येतं, असं या दांपत्याने धरलं नाही, ही आम्हाला फार मोठी गोष्ट वाटते.

आम्ही इथेच चुकलो. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात कॉलेजची मुलं मोठ्या हौसेने शिकवतात. गणितात तल्लख असलेली आपल्याच वस्तीतली एक मुलगी नववीत यायची बंद झाली आणि आम्हाला ते चार महिन्यांनी समजलं. हुशार आहे, तिचं ती पाहील, असं धरून आम्ही तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. हुशार पोर गप्प का झालं हे ओळखायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आम्हीही शिकून घेतलं नाही.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८४९ मध्ये सासरचं घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख माईंच्या बरोबरीने कामाला लागल्या. मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. पोटासाठी पोरं शाळा सोडतात हे ओळखून मुलांना विद्यावेतन दिलं. १८५५ ला कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली.

याच शाळांतली मातंग समाजाची मुक्ता साळवे. १८५५ साली तिचा निबंध ज्ञानोदयात दोन भागांत छापून आला. विषय होता महार-मांगांचं दुःख. वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म तरी कोणता, असा सरळ सवाल त्या पोरीने टाकला. ऊन-पावसात, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आयाबायांचे हालही तिने लिहिले. आता विचार करा, कुठल्याही शिक्षकाने असं लिहिणाऱ्या पोरीला घाबरून गप्प बसवलं असतं. इथे तिला लिहू दिलं, तिचं लिहिलेलं लोकांपुढे नेलं. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केली, त्याच्या ऐंशी वर्षं आधीची ही गोष्ट आहे!

माईंचं पुढचं आयुष्य आपणास ठाऊक आहे. १८५४ ला काव्यफुले हा कवितासंग्रह, १८६३ ला फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेऊन त्यांनी डॉक्टर केलं. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी पोरांना जेवू घातलं. १८९० ला जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं माईंनीच धरलं, आणि त्यानंतर सत्यशोधक समाजाचं कामही सांभाळलं.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंतांनी हडपसरजवळ दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या पोराला प्लेग झाल्याचं कळताच माई गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. पोरगं वाचलं. माईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय सहासष्ट होतं.