बाहुल्यांची आई : केटे क्रूझे

लहान मूल बाहुली मागते, तेव्हा त्याला केवळ एक खेळणे हवे असते असे नाही. आपणही कुणाला तरी कुशीत घ्यावे, निजवावे, सांभाळावे, अशी ओढ त्या हट्टामागे असते. आपल्या मुलीच्या मनातली ही ओढ ओळखणाऱ्या आणि तिच्यातूनच एक उद्योग उभा करणाऱ्या जर्मन स्त्रीचे नाव केटे क्रूझे.

केटे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८३ रोजी ब्रेस्लाउ परिसरात झाला. ब्रेस्लाउ तेव्हा जर्मनीत होते; आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. आई शिवणकाम करून एकटीने घर चालवी. गरिबीतून वाट काढीत केटे अगदी तरुण वयातच बर्लिनच्या रंगभूमीवर अभिनय करू लागल्या. तेथे त्यांची ओळख माक्स क्रूझे या नामवंत शिल्पकाराशी झाली. माक्स त्यांच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठे होते. १९०२ मध्ये त्यांना मारिया ही मुलगी झाली आणि केटे यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. पुढे १९०९ मध्ये ते विवाहबद्ध झाले.

१९०४ मध्ये दुसऱ्या मुलीचा जन्म झाला. त्या काळात केटे मुलींसह स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे राहत होत्या. माक्स बर्लिनमध्ये काम करीत. आई धाकटीला कुशीत घेते हे पाहून छोट्या मारियालाही स्वतःचे एक बाळ हवेसे वाटू लागले. १९०५ च्या नाताळासाठी केटे यांनी माक्सना बर्लिनहून बाहुली आणण्यास सांगितले. परंतु दुकानांतील चिनी मातीच्या थंड, ताठर बाहुल्या शिल्पकाराच्या नजरेला रुचल्या नाहीत. त्यांनी बाहुली आणण्यास नकार दिला आणि ती घरीच तयार करावी असे सुचवले.

केटे यांनी एका टॉवेलात वाळू भरली, त्याच्या कोपऱ्यांना गाठी मारून हातपाय केले, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि जळलेल्या काडीने नाकडोळे रेखाटले. अशी बाहुली फार दिवस टिकणारी नव्हती. पण ती मऊ होती, बाळासारखी जड होती. मारियाने तिच्यावर जीव लावला. मुलाला दिखाऊ बाहुली नको, कुशीत मावणारी हवी, हे आईला त्या दिवशी कळले.

त्यानंतर कित्येक वर्षे प्रयोग चालू राहिले. कापडी शरीरात रेनडिअरचे केस भरायचे, कापडी चेहरा तैलरंगांनी हाताने रंगवायचा, अशी पद्धत केटे यांनी बसवली. मुळात बाहुली धुता आली पाहिजे, पडली तरी फुटता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. १९१० मध्ये बर्लिनमधील एका मोठ्या दुकानात घरी केलेल्या खेळण्यांचे प्रदर्शन भरले. त्यात या बाहुल्यांचे मोठे कौतुक झाले. लवकरच अमेरिकेतून दीडशे बाहुल्यांची मागणी आली आणि राहत्या घराचेच कारखान्यात रूपांतर झाले. दरम्यान बाहुल्या बनवण्याचे काम एका कारखान्यालाही देऊन पाहिले होते. पण त्यांचा दर्जा मनास न आल्याने केटे यांनी ते परत घेतले. १९१२ मध्ये त्यांनी बाट क्योझेन या गावी स्वतःची कार्यशाळा सुरू केली.

केटे सात मुलांच्या आई झाल्या. संसार आणि उद्योग त्यांनी बरोबरीने सांभाळला. किंबहुना त्यांचे घरच त्यांच्या कलेचे भांडार होते. डोळे मिटलेली, नवजात अर्भकाच्या वजनाची त्यांची बाहुली नवमातांना बाळ हाताळण्यास शिकवण्यासाठी वापरली जाई. १९२९ च्या सुमारास तयार झालेल्या एका बाहुलीला त्यांचा मुलगा फ्रीडेबाल्ट याचा चेहरा लाभला. बाजारात नकला येऊ लागल्या, तेव्हा केटे न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्यावर घाला घातला. १९४२ मध्ये माक्स यांचे निधन झाले. योखेन आणि फ्रीडेबाल्ट हे दोन मुलगे युद्धकाळात मृत्यू पावले. ज्याचा चेहरा अनेक घरांतील मुलांनी कुशीत घेतला होता, तो मुलगा आईच्या घरी परतला नाही. युद्धानंतर बाट क्योझेन सोव्हिएत अमलाखालील भागात गेले आणि काही वर्षांत तेथील कार्यशाळा सरकारने ताब्यात घेतली. एका आयुष्याची कमाई हातची गेली.

तथापि, हातातले कसब कोणालाही हिरावून घेता येत नाही. मिखाएल आणि माक्स या मुलांनी पश्चिम जर्मनीत काम नव्याने सुरू केले होते. साठी उलटलेल्या केटे तेथे गेल्या आणि डोनाउव्योर्ट येथे बाहुल्या पुन्हा आकार घेऊ लागल्या. १९५६ मध्ये पश्चिम जर्मन सरकारने त्यांचा सन्मान केला. १९५८ मध्ये त्यांनी उद्योगाची सूत्रे मुलगी हाने आणि जावई यांच्याकडे सोपवली. धाकटा माक्स पुढे बालसाहित्यिक म्हणून नावारूपास आला.

१९ जुलै १९६८ रोजी केटे क्रूझे यांचे निधन झाले. त्यांनी उद्योगाचे शिक्षण घेतले नव्हते, हाताशी भांडवलही नव्हते. होते ते एक टॉवेल, एक बटाटा आणि मुलाचे मन वाचणारी दृष्टी. आपल्या लेकीला जे द्यावेसे वाटले, त्याहून कमी प्रतीचे काही दुसऱ्याच्या लेकराच्या हाती द्यायचे नाही, हा नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.