इंद्रायणीकाठचे तेरा दिवस

कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून झाला, की मंडपाच्या कडेला कोणी तरी थांबलेले असतेच. घरात दुखणे असते, नाही तर पीक गेलेले असते. विचारणे एकच, की बुवा, एवढा धावा केला तरी देवाने का ऐकले नाही? गुरुगृही तर्काची पोथी आम्हीही घोकली, बरे का! पण या माणसापुढे ती उघडवत नाही. आम्ही त्याला खाली बसवतो आणि तुकोबारायांचे चरित्र सांगतो.

महाराजांचा जन्म देहूचा. बहुमान्य मताप्रमाणे साल १६०८. वडील बोल्होबा, आई कनकाई. वडील बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घरी महाजनकी, वाण्याचा व्यवसाय, सावकारी. पूर्वज विश्वंभरबुवांपासून विठ्ठल घरचाच, आणि पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणजे उणे कशाचे नव्हते. मग एकामागून एक घाव बसू लागले. आईवडील गेले. भावजय गेली, आणि सावजी विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेले. त्यावर १६३० चा दुष्काळ आला. पाऊस नाही, त्यात लढायांची धामधूम, सारे दख्खन होरपळले. महाराजांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली. लेक संतोबाही गेला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. चार माणसांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. महाराजांनी आपल्या आत्मकथनाच्या अभंगात यातले पुष्कळसे स्वतःच सांगून ठेवले आहे.

आता विचार करा. ज्या घरात विठ्ठलाची पूजा, त्याच घरातली सून उपाशी मेली. त्या दिवसांत देव धावला नाही. आम्ही कीर्तनकार हा भाग घाईघाईने उरकतो आणि पुढच्या चमत्काराकडे वळतो. तसे करू नये. मंडपाच्या कडेला थांबलेला माणूस याच जागी उभा असतो.

महाराजांनी काय केले? ते डोंगरावर एकांतात जाऊन बसले. खाली येऊन पडके विठ्ठलमंदिर बांधायला घेतले. सावकारीची खते होती, त्यांची वाटणी केली. कान्होबांचा वाटा कान्होबांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. कुळे मोकळी झाली, सावकारही मोकळा झाला. पुढे स्वप्नात बाबाजींचा उपदेश झाला, नामदेवरायांची कवित्वाची आज्ञा झाली, आणि अभंगांच्या वह्या भरू लागल्या.

तेव्हा वाघोलीचे रामेश्वरभट्ट आडवे आले. मोठे वैदिक, पण शास्त्राचा अभिमान अंगात भिनलेला. शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघतो हे त्यांना सोसवेना. वह्या पाण्यात बुडवाव्यात, असा त्यांचा निर्णय झाला. त्याच इंद्रायणीत पुन्हा कागद गेले. पण पहिले कागद हौसेने सोडले होते. या वह्या म्हणजे जीव होता, महाराज! तुकोबाराय देवळापुढच्या शिळेवर बसले. अन्न नाही, पाणी नाही. असे तेरा दिवस गेले. शेवटी वह्या कोरड्या वर आल्या.

इथे तर्क उठतो. तेरा दिवस भिजलेला कागद कोरडा कसा? कोणी म्हणतात, अभंग लोकांना मुखोद्गत होते, त्यांनीच ते तारले. तेही खोटे म्हणवत नाही; लोकांच्या कंठात विठ्ठल नाही असे थोडेच आहे? पण पाण्यात कागद राखल्याचे महाराजांनी आपल्या अभंगांत सांगितले आहे, आणि त्यांच्या शिष्या बहिणाबाई यांनीही तेरा दिवसांची साक्ष दिली आहे. आम्ही तर्काचे वैरी नाही. शास्त्राने श्रवणापाठोपाठ मनन सांगितले, ते तर्कावाचून होत नाही. मात्र केवळ तर्काला शेवटचा ठाव नाही, हेही ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेले आहे. आणि कोडे कागदाचे नाहीच. खरे कोडे असे, की वह्या राखणारा देव रखुमाबाईंच्या वेळी कोठे होता? याचा हिशेब कोणत्या तर्काने लावाल? श्रद्धेनेही लागत नाही. लावून दाखवतो म्हणणाऱ्यापासून सावध असावे.

महाराजांनी तो हिशेब मागितला नाही. वह्या मिळाल्यावर जिंकल्याचा डंका पिटला नाही. उलट त्यांना पश्चात्ताप झाला. कागदासाठी हट्ट धरून आपण देवाला शिणवले, त्याचा अंत पाहिला, म्हणून त्यांनी विठोबाची क्षमा मागितली. दिवाळे निघाले, बायको गेली, दुष्काळाने छळले, हे सर्व बरेच झाले, असेही ते एका अभंगात म्हणून गेले. हे त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटले, दुसऱ्याच्या नव्हे. दुसऱ्याच्या दारात जाऊन, तुझे वाईट झाले ते बरेच झाले, असे सांगणे हा निर्दयपणा होईल.

आणि रामेश्वरभट्ट? त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला, तो काही केल्या शमेना. आळंदीला माउलींच्या पायाशी अनुष्ठानास बसले, तिथे त्यांना तुकोबांना शरण जाण्याचा दृष्टांत झाला, अशी कथा महिपतीबुवांच्या परंपरेने चालत आली आहे. ते शरण गेले आणि शिष्य झाले. आज गावोगाव तुकोबांची आरती म्हणतात ना, ती याच रामेश्वरभट्टांची! विद्या तीच राहिली, अभिमान तेवढा गेला. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. त्या तिथीला आजही देहूत बीज भरते.

तर मंडपाच्या कडेला थांबलेल्या भाविका, तुझा धावा का ऐकला गेला नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही. एवढे सांगतो, की वह्या मिळाल्या म्हणून तुकोबा विठोबाजवळ राहिले असे नाही. घर उजाड झाले, तेव्हाच ते त्याच्या पायाशी येऊन बसले होते. तूही बस. रड, भांड, हट्ट धर. महाराजांनीही धरला होता. वैद्याचे औषध चालू ठेव, शेत पुन्हा नांगर, आणि नाम सोडू नकोस.

रामकृष्णहरि.