अनेक भाषांचं एक यंत्र

हार्वर्डच्या मार्क-१ या अजस्र गणकयंत्रापुढे ग्रेस हॉपर १९४४ साली प्रथम उभ्या राहिल्या, तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. येलची गणितातली डॉक्टरेट गाठीशी होती. व्हासर कॉलेजातली प्राध्यापकी बाजूला ठेवून युद्धासाठी त्या अमेरिकेच्या नौदलात शिरल्या होत्या.

तिथे बिनचूक ठरलेले आज्ञांचे तुकडे वहीत टिपून ठेवत आणि नव्या कामासाठी पुन्हा उतरवून घेत. या नकला करताना विद्वान गणिती हमखास चुकत. (एका पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना काय होतं, हे बँकेत उमेदवारी केलेल्याला सांगायला नको.) बाईंनी १९५२ साली युनिव्हॅकवर तोडगा काढला. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा. माणसानं नुसते क्रमांक लिहायचे, चुंबकीय फितीवरून तुकडे शोधून जोडायचं काम यंत्रानं करायचं. याचं नाव ए-०. निरनिराळ्या भाषांत लिहिलेले भाग पुढे एका आज्ञावलीत सांधले जाऊ लागले, त्याचं एक मूळ इथं आहे.

पण बाईंचं खरं भांडण वेगळंच होतं. गणितज्ञाला चिन्हं हवीत, पगारपत्रक करणाऱ्याला शब्द. मग दोघांवर एकच भाषा का लादायची? मध्ये भाषांतर करणारी आज्ञावली बसवली की यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच. हे पटवायला त्यांनी इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतल्या आज्ञाही यंत्राकडून पाळून दाखवल्या. वरिष्ठ हबकलेच! अमेरिकेत घडलेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, असा त्यांचा समज. इंग्रजीपुरतंच बघा, असं बाईंना बजावण्यात आलं.

त्यातून फ्लो-मॅटिक आली, आणि १९५९-६० साली तिच्या पायावर कोबोल. (ती घडवली समितीनं, जीन सॅमेट यांच्यासारख्यांचा वाटा विसरून चालणार नाही.) शास्त्रज्ञांसाठी आयबीएमची फोरट्रान १९५७ पासून होतीच. हिशेब कोबोलमध्ये आणि घाईचा भाग यंत्राला जवळच्या असेंब्लीत, असा संसार जगातल्या मोठ्या बँकांनी कित्येक दशकं केला. पंडितांनी कोबोलला नाकं मुरडली. पाल्हाळीक ती आहेच. पण हिशेबनिसाला वाचता येते.

नौदलानं बाईंना १९६६ साली निवृत्त केलं आणि १९६७ साली परत बोलावलं. प्रत्येक कंपनीची कोबोल निराळी होऊ लागली होती. भाषा अनेक असाव्यात, पण एका भाषेचे दहा अर्थ होऊ नयेत, याबाबत बाई कडक. कंपन्यांची कोबोल प्रमाणाबरहुकूम आहे की नाही, हे तपासणाऱ्या आज्ञावल्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. रिअर अॅडमिरल म्हणून १९८६ साली त्या बाहेर पडल्या, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी; आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्या वारल्या.