लोकमान्य आणि बाबामहाराजांचे मृत्युपत्र

लोकमान्य टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केसरी, मंडाले आणि गीतारहस्य उभे राहते. शाळेत आपण तेवढेच शिकतो. पण 1897 ते 1920 अशी तेवीस वर्षे, म्हणजे त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ, एका मित्राचे मृत्युपत्र त्यांच्या गळ्यात होते. मला टिळक खरे कळले ते या ताईमहाराज प्रकरणातून.

टिळक 1877 साली बी. ए. आणि 1879 साली एलएल. बी. झाले. वकिली मात्र त्यांनी केली नाही. 1897 च्या जुलैअखेर राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना पकडले आणि 4 ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजींनी जामिनावर सोडले. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित तीनच दिवसांनी पटकीने वारले. जाताना त्यांनी मृत्युपत्र करून टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरेंना विश्वस्त नेमले. स्वतःच्या डोक्यावर खटला टांगलेला असताना दुसऱ्याच्या कर्जबाजारी इस्टेटीचा भार कोण घेईल? टिळकांनी घेतला. पुढच्याच महिन्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

आमच्या घरात मृत्युपत्र कुणी केल्याचे ऐकिवात नाही. माणूस गेला की तलाठ्याकडे जाऊन वारसाची नोंद करायची, एवढेच आम्हाला ठाऊक. त्यामुळे प्रोबेट हा शब्द मला नवाच होता. मृत्युपत्र खरे आहे अशी कोर्टाची मोहोर आणि त्याप्रमाणे कारभार करण्याचा अधिकार, म्हणजे प्रोबेट.

मृत्युपत्रात लिहिले होते की मुलगा न झाला किंवा झालेला न जगला तर विधवेने विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा. मुलगा झाला, पण थोड्याच महिन्यांत गेला. टिळकांनी सुटून आल्यावर खर्चाला कात्री लावली, कर्जे फेडायला घेतली आणि दत्तकासाठी पंडितांच्याच भाऊबंदांतला मुलगा शोधला. 1901 च्या जूनमध्ये निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे जगन्नाथ नावाच्या लहानग्याला ताईमहाराजांच्या मांडीवर दिले.

पुढे ताईमहाराज उलटल्या. दत्तविधान झालेच नाही असे म्हणून त्यांनी कोल्हापूरकडच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले आणि टिळकांचे प्रोबेट रद्द करावे असा अर्ज दिला. टिळकांचे चरित्रकार येथे कारभारी नागपूरकरांच्या चिथावणीकडे बोट दाखवतात आणि बाईंना अजाण ठरवून मोकळे होतात. मला ते तितकेसे पटत नाही. ही मुलगी विधवा झाली तेव्हा माझ्याहूनही लहान होती. मी एकोणीस वर्षांची आहे आणि वसतिगृहाचा अर्जसुद्धा दोनदा वाचून सही करते. त्या काळच्या कायद्याने दत्तक मुलगा आला की इस्टेट त्याची होई आणि विधवेच्या हाती पोटगी उरे. म्हणजे ज्या विधीला तिने निमूट बसायचे, त्याच विधीने तिचा हक्क जायचा! तिचा विरोध कुणी पढवलेला असेलही, पण बिनकारणाचा नव्हता. हिंदू स्त्रीला वारशाने मिळालेल्या मालमत्तेची पूर्ण मालकी मिळायला 1956 चा कायदा यावा लागला.

तरी टिळकांवर जे ओढवले त्याचे समर्थन होत नाही. जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी 1902 च्या एप्रिलमध्ये प्रोबेट रद्द केले, वर टिळकांवर खोटी साक्ष वगैरे आरोप ठेवून प्रकरण फौजदारीकडे पाठवले. 1903 च्या ऑगस्टमध्ये क्लेमंट्स या मॅजिस्ट्रेटने दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सजा सहा महिन्यांवर आली, पण दोष कायम राहिला. राजद्रोहाच्या शिक्षेने टिळकांची मान ताठ झाली होती. येथे लबाडीचा शिक्का होता. याच वर्षांत थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला आणि याच वर्षांत वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1903 साली निघाला. माणसाचे डोके कसे शाबूत राहिले, कोण जाणे.

1904 च्या मार्चमध्ये हायकोर्टात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी त्यांना निर्दोष सोडले. प्रोबेट रद्द करणारा हुकूमही हायकोर्टाने फिरवला होता. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. पुण्याच्या कोर्टात 1906 साली टिळक जिंकले. ते मंडालेच्या तुरुंगात असताना 1910 साली मुंबई हायकोर्टाने तो निकाल उलटवला. शेवटी 26 मार्च 1915 रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथमहाराजांचे दत्तविधान खरे ठरवले. साक्षीदाराला त्याचीच जुनी कागदपत्रे दाखवून खुलासा विचारल्याशिवाय त्यांच्या आधारे त्याला खोटा ठरवता येत नाही, असे या निकालात आहे आणि वकील आजही त्याचा दाखला देतात.

निकाल लागला तरी मालमत्तेचे तंटे मिटले नाहीत. 1920 च्या जुलैत टिळक मुंबईस गेले ते याच प्रकरणाच्या कामासाठी. सरदारगृहात ताप चढला आणि 1 ऑगस्टला ते गेले. ताईमहाराज तर 1903 सालीच वारल्या होत्या. आपल्या मांडीवर कोणता मुलगा खरा, याचा शेवटचा निकाल त्यांच्या कानावर कधीच आला नाही.