मंचानं सोडलं, सुरानं नाही

परवा कपाट आवरताना जुना माउथ ऑर्गन सापडला. बँकेच्या नोकरीत तो कधी मागे पडला, कळलंच नाही. ओठांना लावला, पण सूर धड निघेना. तेव्हा डीफोर्ड बेली आठवला.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १८९९ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. अंथरुणाला खिळलेलं ते पोर माउथ ऑर्गन शिकलं. पुढे कोल्ह्यामागे धावणारे कुत्रे, धडधडत जाणारी आगगाडी, सगळं तो त्या इवल्याशा वाद्यातून ऐकवू लागला. १९२७ साली त्याची आगगाडी 'पॅन अमेरिकन ब्लूज' या ध्वनिमुद्रिकेवर उमटली. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा तो लाडका कलावंत होता. पण दौऱ्यावर गोऱ्या सोबत्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे.

१९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून वाद पेटला. त्याची गाजलेली गाणी रेडिओवर वाजवणं बंद झालं आणि त्यालाही काढून टाकलं. मग कित्येक वर्षं त्यानं लोकांच्या बुटांना पॉलिश केलं.

१९७४ मध्ये ऑप्रीनं त्याला पुन्हा बोलावलं. पंचाहत्तरावा वाढदिवस त्यानं त्याच मंचावर वाजवून साजरा केला. १९८२ मध्ये तो गेला.

लोक याला पुनरागमन म्हणतात. पण मंचानं त्याला सोडलं होतं, त्यानं वाद्य सोडलं नव्हतं. घरी, स्वतःपुरता, तो वाजवतच होता. मला तर कुणी काढलंही नव्हतं!

आता रोज संध्याकाळी दहा मिनिटं वाजवतो. नात कानांवर हात ठेवते. ठेवू दे.