विल्यम मॅक्ग्रेगर

इंग्लंडांत फुटबॉलचा शोक असणाऱ्यांस विल्यम मॅक्ग्रेगर हें नांव नवें नाहीं. बर्मिंगहॅम शहरीं व्हिला पार्क या क्रीडांगणाबाहेर २००९ सालीं त्यांचा पुतळा उभारण्यांत आला आहे. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र गोल करणाऱ्यांचींच नांवें मुखोद्गत असतात. ज्यांनीं या खेळास नियमित हंगाम लावून दिला, ते गृहस्थ त्यांस परके राहतात. नवल असें कीं, हे गृहस्थ खेळाडू म्हणून कधींच गाजले नाहींत. ते कापडाचे दुकानदार होते.

स्कॉटलंडांतील पर्थशर परगण्यांत ब्रेको नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १८४६ सालीं मॅक्ग्रेगर यांचा जन्म झाला. तरुणपणीं त्यांनीं पर्थ शहरीं कापडाच्या धंद्यांत उमेदवारी केली, आणि १८७० च्या सुमारास ते पोट भरण्यासाठीं बर्मिंगहॅम येथें आले. त्या शहराच्या ॲस्टन भागीं, समर लेन या रस्त्यावर, त्यांनीं आपलें दुकान थाटलें. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. दारूस शिवत नसत. आणि व्यवहारांत चोख म्हणून त्यांचा लौकिक होता.

त्या काळच्या इंग्लंडांतील कामगारांची स्थिति आमच्या वाचकांनीं थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. आठवड्याचे सहा दिवस काम, आणि सातवा दिवस प्रभूचा. मग खेळावें केव्हां? गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबवावें, असा कायदा १८५० सालीं झाला. पुढें हळूहळू पुरुषांस व इतर धंद्यांतील लोकांसही ती अर्धी सुट्टी मिळूं लागली. शनिवारची ही दुपार म्हणजेच इंग्लिश फुटबॉलचें पाळण्यांतलें घर होय. तीन वाजतां सामना सुरू करण्याचा प्रघात पडला तो यामुळेंच.

ॲस्टन व्हिला हा क्लब १८७४ सालीं निघाला. व्हिला क्रॉस येथील वेस्लियन मंडळींतील कांहीं तरुण उन्हाळ्यांत क्रिकेट खेळत. हिवाळ्यांतही कांहीं खेळ असावा म्हणून त्यांनीं फुटबॉल हातीं घेतला. थोड्याच वर्षांत मॅक्ग्रेगर या क्लबांत शिरले. क्लबांत त्यांचे स्कॉच देशबांधव होते, आणि उपासनामंदिराशीं त्याचा संबंध होता, ही दोन्ही कारणें त्यांस ओढून नेण्यास पुरेशीं झालीं असावीं. हिशेब, पत्रव्यवहार, मैदानाची व्यवस्था, अशीं जीं कामें खेळाडूंस नकोशीं वाटतात, त्यांसाठींच असा मनुष्य हवा असतो. १८८७ सालीं व्हिलानें असोसिएशनचा कप जिंकला.

परंतु कप जिंकूनही क्लबांची चिंता मिटत नसे. त्याचें कारण असें. पूर्वीं हा खेळ केवळ हौसेचा होता. पुढें लँकेशरमधील गिरण्यांच्या गांवांतून चांगल्या खेळाडूंस गुपचूप पैसे मिळूं लागले. कोणास नांवाची नोकरी, कोणास पाकिटांत रक्कम, असा सारा लपवाछपवीचा प्रकार चाले. १८८४ सालीं प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हां त्याचे चालक विल्यम सडेल यांनीं आपण खेळाडूंस मोबदला देतों हें उघड कबूल केलें. क्लबास त्या वर्षीं कपांतून बाद व्हावें लागलें. पण वाद पेटला तो विझेना, आणि शेवटीं १८८५ सालीं असोसिएशननें वेतन घेणाऱ्या खेळाडूंस मान्यता दिली. आमच्या मतें, झांकून घेतलेल्या पैशापेक्षां उघड घेतलेलें वेतन शतपटीनें बरें.

पण वेतन दर आठवड्यास द्यावें लागतें, आणि पैसा येणार तो मैदानाच्या फाटकावर जमणाऱ्या नाण्यांतून. कपाच्या सामन्यांत एकदां हरलेला संघ त्या वर्षापुरता संपला. उरलेले शनिवार भरून काढण्यासाठीं क्लब एकमेकांशीं मैत्रीचे सामने ठरवीत. पण ते पाळण्याचें बंधन कोणावरही नव्हतें. अधिक गर्दी खेचणारा प्रतिस्पर्धी मिळाला कीं पहिल्यास नकाराची चिठ्ठी जाई. कोणी उशिरा येई, कोणी अर्धाकच्चा संघ घेऊन येई. थंडीत कुडकुडत उभे राहिलेले लोक निराश होऊन घरीं परतत आणि पुढच्या शनिवारीं येत नसत. आंतरशालेय सामन्यांसाठीं सकाळपासून मैदान आंखून ठेवणाऱ्या आमच्या मुलांस या दुःखाची कल्पना देण्याची गरज नाहीं. असें आणखी कांहीं वर्षें चालतें, तर कित्येक क्लब कर्जांत बुडाले असते.

यावर मॅक्ग्रेगर यांनीं शोधलेला उपाय दुकानदाराचा होता. २ मार्च १८८८ रोजीं त्यांनीं ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड, वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन आणि स्वतःचा व्हिला, अशा पांच क्लबांस एक पत्र धाडलें. देशांतील दहा-बारा प्रमुख क्लबांनीं एकत्र येऊन दर हंगामीं एकमेकांशीं एकदां आपल्या आणि एकदां दुसऱ्याच्या मैदानावर खेळण्याचे करार आगाऊ करावे, हा त्याचा मथितार्थ. पत्र लहानसेंच होतें, आणि त्यांत नवा डाव नव्हता कीं नवें कौशल्य नव्हतें. दिलेली तारीख पाळावी, इतकीच त्यांतील मागणी.

२३ मार्च रोजीं, कपाच्या अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येस, लंडन येथें अँडर्टन्स हॉटेलांत पहिली सभा भरली. आणि १७ एप्रिल रोजीं मँचेस्टर येथें रॉयल हॉटेलांत संस्था कायम झाली. नांवावरून थोडी चर्चा झाली. लीग हा शब्द मॅक्ग्रेगर यांस रुचेना. आयर्लंडांतील कुळांच्या लँड लीगच्या चळवळीची आठवण त्या वेळीं ताजी होती, आणि आपल्या खेळास राजकारणाचा वास लागूं नये असें त्यांस वाटे. त्यांनीं सुचविलेलें युनियन हें नांव रग्बी खेळणाऱ्यांच्या संस्थेच्या नांवाशीं फार जुळत होतें. अखेरीस फुटबॉल लीग हेंच नांव ठरलें. तें सडेल यांनीं सुचविलें म्हणतात. मॅक्ग्रेगर यांनीं आग्रह धरला नाहीं. तेच लीगचे पहिले अध्यक्ष झाले.

बारा क्लब घेतले गेले. लँकेशरचे सहा: ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन, प्रेस्टन नॉर्थ एंड. मध्य इंग्लंडाचे सहा: ॲस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन, वुल्व्हरहॅम्टन वाँडरर्स. हंगामांत बावीसच तारखा मोकळ्या मिळत होत्या, म्हणून बारांवर रेघ ओढावी लागली. नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या क्लबांस दाराबाहेर राहावें लागलें, हें त्यांस झोंबल्यावांचून राहिलें नसेल. लंडनचा तर एकही क्लब नव्हता. दक्षिणेकडचे लोक वेतनाच्या खेळास अजून नाक मुरडीत होते.

८ सप्टेंबर १८८८, शनिवार, या दिवशीं पांच मैदानांवर लीगचे पहिले सामने झाले. त्या दिवशींचा पहिला गोल कोणता, यावर पुष्कळ वर्षें वाद होता. व्हिलाच्याच गर्शम कॉक्स यांनीं चुकून आपल्याच संघावर केलेला गोल पहिला, असें मानीत असत; म्हणजे लीगच्या जनकाच्या क्लबाकडे हा विचित्र मान जात होता! अलीकडील संशोधनानें तो मान बोल्टनच्या केनी डॅव्हनपोर्ट यांस दिला आहे. आणखी एक गंमत अशी कीं, हंगाम सुरू झाला तरी गुण कसे मोजावे हें ठरलेलें नव्हतें. विजयास दोन आणि बरोबरीस एक, हा नियम नोव्हेंबरांत झाला, आणि इंग्लंडांत तो १८८१ पासून नव्हे, १८८८ पासून १९८१ पर्यंत टिकला; पुढें विजयास तीन गुण झाले.

तो हंगाम प्रेस्टननें गाजविला. बावीस सामन्यांपैकीं अठरा जिंकले, चार बरोबरींत सुटले, एकही हरले नाहींत. चौऱ्याहत्तर गोल केले, पंधरा झाले. प्रेस्टनचे ४० गुण, तर दुसऱ्या आलेल्या व्हिलाचे २९. शिवाय ३० मार्च १८८९ रोजीं वुल्व्हरहॅम्टनवर ३-० असा जय मिळवून त्यांनीं कपही नेला, आणि कपाच्या साऱ्या सामन्यांत स्वतःवर एकही गोल होऊं दिला नाहीं. वरिष्ठ विभागांत संपूर्ण हंगाम अजिंक्य राहण्याचा पराक्रम पुनः घडण्यास २००४ साल उजाडावें लागलें. तो आर्सेनलनें केला.

या अजिंक्य संघाच्या चालकाची पुढील हकीकत सांगतांना आम्हांस वाईट वाटतें. सडेल हे एका कापडगिरणीचे व्यवस्थापक होते. गिरणीच्या पैशांचा अपहार केल्याबद्दल १८९५ सालीं त्यांस तीन वर्षांची कैद झाली. त्यांतील बराच पैसा क्लबापायीं गेला असें सांगतात. खेळाडूंच्या वेतनाविषयीं भर सभेंत खरें बोलणारा हा मनुष्य हिशेबाच्या वहीपुढें एकटा असतां घसरला. सुटकेनंतर ते दक्षिण आफ्रिकेंत गेले, आणि १९११ सालीं तिकडेच वारले. प्रेस्टननें १८९० सालीं लीग पुनः एकदां जिंकली. त्यानंतर आजवर नाहीं.

मॅक्ग्रेगर यांचा मार्ग साधा राहिला. अध्यक्षपद सोडल्यावरही लीगनें त्यांस सन्मानानें आपलेसें ठेवलें आणि आजीव सभासद केलें. १८९२ सालीं दुसरा विभाग निघाला, आणि जे बाहेर राहिले होते त्यांपैकीं पुष्कळांस दार उघडलें. १८९३ सालीं दक्षिणेकडून आर्सेनलही आला. परंतु मूळच्या बारांतील ॲक्रिंग्टननें दुसऱ्या विभागांत उतरण्यापेक्षां लीग सोडणें पत्करलें, आणि १८९६ सालीं तो क्लब बुडाला. त्या गांवचा पुढील प्रसिद्ध क्लब ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा निराळा. लीगनें क्लबांस जगविलें खरें, पण तिच्याबाहेर पडलेल्यांस जगणें कठीण केलें, हीही गोष्ट चरित्रकारानें लपवूं नये.

ॲस्टन व्हिलानें मॅक्ग्रेगर यांच्या हयातींत सहा वेळां लीग जिंकली. २० डिसेंबर १९११ रोजीं बर्मिंगहॅम येथें त्यांस देवाज्ञा झाली. तो बुधवार होता. बारांचे आतां चाळीस क्लब झाले होते, हंगाम ऐन मध्यावर होता, आणि येणाऱ्या शनिवारचे सामने कोठें व कोणाकोणांत व्हावयाचे, हें कित्येक महिने आधींच छापून ठेवलेलें होतें.